कवटीने दिलेले उत्तर : डॉ. इरावती कर्वे



आपल्या वार्तापत्रातील थोरांच्या ओळखीच्या या सदरात आज आम्ही डॉ. इरावती कर्वे यांचे चरित्र देत आहोत. मराठी घरांत त्यांचे नाव 'युगान्त' या ग्रंथामुळे परिचित आहे. महाभारतातील कुंती, गांधारी, द्रौपदी, कर्ण यांच्याकडे माणूस म्हणून पाहायला त्यांनी आपल्याला शिकवले. परंतु याच इरावतीबाईंनी आपल्या संशोधनाचा आरंभ मानवी कवट्या मोजण्यापासून केला आणि पुढे जमिनीतून निघालेल्या प्राचीन सांगाड्यांचा अभ्यास केला, हे फार थोड्यांना ठाऊक असते. आज आम्हाला त्यांच्या जीवनाची हीच बाजू सांगायची आहे.

यामागे एक कारण आहे. आमच्या विज्ञान शिक्षकांकडून दरवर्षी एक तक्रार येते. प्रयोगवहीत अनेक मुले आधी पुस्तकातील उत्तर लिहितात आणि मग त्या उत्तराला जुळतील अशी निरीक्षणे मागाहून भरतात. लंबकाचा प्रयोग असो वा भिंगाचा, सगळ्यांचे आकडे अगदी पुस्तकाबरहुकूम येतात. गुण जाऊ नयेत ही भीती त्यामागे असते, हे आम्ही जाणतो. अशीच कसोटी इरावतीबाईंवर आली होती, आणि ती शाळेच्या प्रयोगशाळेतल्यापेक्षा कितीतरी मोठी होती.

नदीचे नाव आणि पुण्याची शाळा

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशात, म्हणजे आजच्या म्यानमारमध्ये, मिंज्यान या गावी झाला. वडील गणेश हरी करमरकर तेथे कापसाच्या कंपनीत नोकरीस होते. त्या देशाची जीवनवाहिनी असलेल्या इरावदी नदीवरून मुलीचे नाव इरावती ठेवले गेले. सहा भावंडांत ही एकटीच मुलगी. सातव्या वर्षी तिला शिक्षणासाठी पुण्याला पाठवण्यात आले आणि हुजूरपागेच्या वसतिगृहात तिची सोय झाली. त्या काळी ब्रह्मदेशातून पुण्याला यायचे म्हणजे बोटीचा आणि आगगाडीचा कित्येक दिवसांचा प्रवास. आज आपल्या डिचोलीहून पणजीला वसतिगृहात मूल ठेवायचे म्हटले तरी आईचा जीव कासावीस होतो. त्या मातापित्यांनी काय धीर केला असेल याची कल्पना पालकांनी करावी.

हुजूरपागेत त्यांची मैत्री शकुंतला परांजपे यांच्याशी झाली. शकुंतलाबाईंचे वडील म्हणजे रँग्लर परांजपे, फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य. या परांजपे कुटुंबाने इरावतीला घरच्या मुलीसारखे सांभाळले. पुस्तकांनी भरलेल्या आणि मोकळ्या चर्चेच्या त्या घरात तिच्या बुद्धीला खतपाणी मिळाले. १९२६ साली त्या फर्ग्युसनमधून तत्त्वज्ञान विषय घेऊन बी. ए. झाल्या. त्यांना दक्षिणा फेलोशिप मिळाली. मग मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे नामवंत प्राध्यापक डॉ. गो. स. घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १९२८ साली एम. ए. पूर्ण केले.

याच काळात त्यांचा विवाह रसायनशास्त्राचे प्राध्यापक दिनकर धोंडो कर्वे यांच्याशी झाला. दिनकरराव हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव. महर्षींनी विधवांच्या आणि स्त्रियांच्या शिक्षणासाठी देह झिजवला आणि १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापन केले. असे असूनही सुनेने उच्च शिक्षणासाठी जर्मनीला जावे ही कल्पना महर्षींना मान्य नव्हती. दिनकरराव स्वतः जर्मनीत शिकून आलेले होते. ते पत्नीच्या पाठीशी ठाम उभे राहिले. पैशांची अडचण होतीच. जीवराज मेहता, जे पुढे १९६० साली गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले, त्यांनी कर्ज दिले. सासऱ्यांची नापसंती आणि डोक्यावर कर्ज, अशा स्थितीत १९२८ साली बावीस-तेवीस वर्षांची ही तरुणी बोटीने जर्मनीला निघाली.

बर्लिनची संस्था आणि १४९ कवट्या

बर्लिनमध्ये १९२७ साली कैसर विल्हेल्म संस्थेची मानवशास्त्र, आनुवंशिकता आणि सुप्रजननशास्त्र यांसाठी एक शाखा सुरू झाली होती. ऑयगेन फिशर हे तिचे संचालक. मानवी वंशांविषयीच्या अभ्यासात तेव्हा त्यांच्या शब्दाला जर्मनीत फार मोठे वजन होते. इरावतीबाई त्यांच्या विद्यार्थिनी झाल्या.

त्या काळी युरोपातील अनेक विद्वानांची अशी समजूत होती की माणसांचे वंश उच्च आणि नीच अशा पायऱ्यांवर मांडता येतात आणि त्याचा पुरावा शरीराच्या मापांत सापडतो. फिशर यांचे एक गृहीतक असे होते की गोऱ्या युरोपीय लोकांच्या कवटीच्या दोन बाजू एकसारख्या नसतात, कारण त्यांच्या मेंदूचा पुढचा उजवा भाग अधिक वाढलेला असतो. या वाढीचा संबंध तर्कबुद्धीशी जोडला जाई. म्हणजे कवटीचा वाकडेपणा हा बुद्धीचा आणि पर्यायाने श्रेष्ठत्वाचा शिक्का ठरणार होता. इरावतीबाईंच्या प्रबंधाचा विषय हाच होता : मानवी कवटीची असमानता.

अभ्यासासाठी १४९ कवट्या होत्या. त्यांत युरोपीय लोकांच्या होत्या, तशाच पूर्व आफ्रिकेतील जर्मन वसाहतीतून आणलेल्याही होत्या. काम कसे असते ते मुलांसाठी थोडक्यात सांगतो. कवटीवर काही ठरावीक बिंदू निश्चित करतात : कपाळाचा मध्य, डोळ्यांच्या खोबणीच्या कडा, कानामागचे उंचवटे, डोक्याच्या मागचा भाग. मग कॅलिपरने, म्हणजे दोन टोके असलेल्या मोजमापाच्या साधनाने, मध्यरेषेपासून डाव्या बाजूचे आणि उजव्या बाजूचे अंतर घेतात. हे प्रत्येक कवटीवर, प्रत्येक बिंदूवर, मिलिमीटरपर्यंत. मग तक्ते, सरासऱ्या, तुलना. चिकाटीशिवाय हे काम होणे नाही.

तक्ते पूर्ण झाले तेव्हा उत्तर स्पष्ट होते. कवटीच्या दोन बाजूंत थोडा फरक असणे ही सर्वच माणसांतली सामान्य गोष्ट आहे. युरोपीय कवट्यांत तो आहे आणि आफ्रिकी कवट्यांतही आहे. त्याचा वंशाशी काही संबंध लागत नाही.

मुलांनो, येथे क्षणभर थांबून त्या मुलीची स्थिती पाहा. परका देश, परकी भाषा, कर्जाचे पैसे. पदवी देणे न देणे ज्यांच्या हाती, त्याच गुरूंच्या गृहीतकाविरुद्ध उत्तर आलेले. तक्त्यांतील आकडे इकडेतिकडे करणे तिला अशक्य नव्हते, आणि निष्कर्ष गोलमाल शब्दांत मांडणे तर त्याहून सोपे होते. इरावतीबाईंनी जे मोजले तेच लिहिले. फिशर यांनी प्रबंध नाकारला नाही, परंतु त्याला उत्तीर्णांतील सर्वांत खालची श्रेणी दिली. १९३० साली शिक्षण पुरे करून त्या भारतात परतल्या.

ती खालची श्रेणी आज कोणाच्या खिजगणतीत नाही. पुढे काय झाले ते मात्र इतिहासात नोंदले गेले आहे. १९३३ साली हिटलर सत्तेवर आला आणि त्याच वर्षी फिशर बर्लिन विद्यापीठाचे प्रमुख झाले. १९४० साली ते नाझी पक्षाचे सभासद झाले. वंशश्रेष्ठत्वाच्या ज्या कल्पनांना शास्त्राचा मुलामा दिला गेला, त्यांच्या आधारे सक्तीच्या नसबंदीचे कायदे झाले आणि शेवटी लाखो ज्यू व रोमा लोकांचा संहार झाला. आकडे उत्तराला जुळवून घेण्याची सवय प्रयोगवहीत लहान दिसते. सत्तेच्या हाती गेली की ती माणसांचे प्राण घेते. एका मराठी मुलीने १९३० पूर्वीच, त्याच संस्थेत बसून, त्याच संस्थेच्या कवट्या मोजून त्या कल्पनेला आधार नसल्याचे दाखवले होते, याचा आम्हाला अभिमान वाटतो.

लांघणजची माती

भारतात परतल्यावर १९३१ ते १९३६ या काळात इरावतीबाईंनी मुंबईत महिला विद्यापीठाच्या प्रशासनाचे काम पाहिले. १९३९ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये पदव्युत्तर संशोधन संस्था सुरू झाली आणि त्या तेथे समाजशास्त्राच्या अध्यापिका म्हणून रुजू झाल्या. अखेरपर्यंत तीच त्यांची कर्मभूमी राहिली. त्याच संस्थेत त्याच सुमारास पुरातत्त्वाचे प्राध्यापक म्हणून डॉ. हसमुख धीरजलाल सांकलिया आले होते. या दोघांच्या सहकार्यातून आपल्या देशात प्राचीन मानवी अस्थींच्या अभ्यासाचे एक महत्त्वाचे पान लिहिले गेले.

उत्तर गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात लांघणज नावाचे गाव आहे. तेथे वाळूच्या टेकड्या आहेत आणि त्यांतल्या एकीला लोक अंधारियो टिंबो म्हणतात. सांकलियांना तेथे गारगोटीच्या जातीच्या दगडांची नखाएवढी बारीक हत्यारे सापडली. ही हत्यारे शिकारीवर जगणाऱ्या माणसांची होती. पण ती माणसे कशी होती? १९४४ च्या मोहिमेत याच टेकडीत मानवी सांगाडे मिळाले आणि अस्थींचा अभ्यास इरावतीबाईंकडे आला. शरीररचनाशास्त्राचे तज्ज्ञ डॉ. कुरुळकर यांचेही त्यात साहाय्य होते.

सांगाडे पाय पोटाशी दुमडलेल्या स्थितीत पुरलेले होते, जसे थंडीत मूल अंग चोरून झोपते तसे. सोबत हत्यारे होती आणि जनावरांची हाडेही होती. त्यांत गेंड्याच्या खांद्याचे हाड निघाले. त्यावर खाचा पडलेल्या होत्या, कारण हत्यारे घडवताना त्या लोकांनी ते ऐरणीसारखे वापरले होते. आज ज्या भागात पाण्यासाठी वणवण होते तेथे एके काळी गेंडा राहू शकेल इतके गवत आणि पाणी होते, हे त्या एका हाडाने सांगितले. तेथील एका थराचे वय पुढे सुमारे ४,००० वर्षे ठरले.

हाडे कशी बोलतात ते मुलांनी अवश्य समजून घ्यावे. कमरेच्या हाडाच्या आकारावरून बहुधा स्त्री की पुरुष ते कळते. लहान मुलाचे वय दात किती आले यावरून, तर मोठ्याचे वय दात किती झिजले यावरून अजमावतात. मांडीच्या हाडाच्या लांबीवरून उंचीचा अंदाज बांधतात. बालपणी उपासमार वा मोठा आजार झाला असेल तर दाताच्या कठीण आवरणावर आडवी रेघ उमटते आणि ती जन्मभर राहते. आईबापांनी आपल्याला बालपणी काय खाऊ घातले याची नोंद आपल्या दातांत राहते, असे म्हटले तरी चालेल. मुलांच्या डब्यात काय द्यावे याचा विचार करताना पालकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

लांघणजच्या माणसांविषयी सांकलिया आणि इरावतीबाई यांनी आपले निष्कर्ष १९४५ साली आणि पुन्हा १९४९ साली प्रसिद्ध केले. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे कवट्यांच्या ठेवणीवरून त्यांनी ईशान्य आफ्रिकेतील लोकांशी काही साम्य असल्याचे मांडले. पुढे इतर अभ्यासकांनी त्याच अस्थी नव्याने तपासल्या आणि १९६५ साली त्यांचा स्वतंत्र अहवाल आला. नव्या अभ्यासाने जुने अनुमान बदलते, यात जुन्या अभ्यासकाचा अपमान नाही. अस्थी जपून ठेवल्या होत्या, मापे प्रामाणिकपणे नोंदली होती, म्हणून तर दुसऱ्याला ती तपासता आली.

डेक्कन कॉलेजमध्ये ही परंपरा पुढे चालू राहिली. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठच्या इनामगाव येथे १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन झाले आणि सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आली. तेथे दोनशेहून अधिक दफने मिळाली. लहान मुले दगावली की त्यांना दोन रांजणांची तोंडे एकमेकांना लावून त्यांत ठेवीत आणि राहत्या घराच्या जमिनीखालीच पुरीत. आईला बाळ घराबाहेर दूर पाठवणे जड जात असावे, असे आम्हाला वाटते. या अस्थींच्या अभ्यासाने त्या लोकांचे खाणे, आजार आणि दुष्काळाच्या काळातील हाल जगापुढे आणले. ज्या शास्त्राला आज जैव-पुरातत्त्व म्हणतात ते महाराष्ट्रात असे रुजले.

मापांकडून माणसांकडे

इरावतीबाई हाडांपाशीच थांबल्या नाहीत. महाराष्ट्रभर फिरून त्यांनी जिवंत माणसांचीही मापे घेतली. अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्यासह केलेला हा अभ्यास १९५१ साली प्रसिद्ध झाला. पुढे १९६८ साली डॉ. कैलाश मल्होत्रा यांच्यासह त्यांनी एकाच दर्जाच्या मानल्या जाणाऱ्या आठ पोटजातींची तुलना केली. एकाच मोठ्या जातीच्या नावाखाली मोडणाऱ्या पोटजातीही शरीराने एकमेकींपासून वेगळ्या आहेत, असे त्यांना आढळले. एका मूळ समाजाची फाटाफूट होऊन जाती झाल्या, या मताऐवजी वेगवेगळे समूह शेजारी येऊन राहिले आणि त्यांतून हिंदू समाज बनत गेला, असे मत त्यांनी १९६१ सालच्या आपल्या इंग्रजी ग्रंथात मांडले. आमच्या मनात यावरून आजीच्या गोधडीचे चित्र येते. तुकडे वेगवेगळ्या लुगड्यांचे, पण पांघरूण एकच.

डोक्याची आणि नाकाची मापे घेऊन समाजाचे मूळ शोधण्याची ही पद्धत आज मागे पडली आहे. रक्तगट आणि त्यानंतर डीएनए यांचा अभ्यास आला. १९७२ साली असे दिसून आले की माणसांमधील जैविक फरकांपैकी सुमारे ८५ टक्के फरक एकाच लोकसमूहाच्या आत असतो. निरनिराळ्या समूहांमध्ये उरतो तो थोडाच. इरावतीबाईंची साधने जुनी झाली, पण बर्लिनमध्ये त्यांनी दिलेले उत्तर टिकले.

त्यांचा १९५३ सालचा भारतातील नातेव्यवस्थेवरील ग्रंथ जगभर अभ्यासला गेला. उत्तरेत मामाची मुलगी ही सख्ख्या बहिणीसारखी. दक्षिणेत तिच्याशी विवाह योग्य. आपला मराठी मुलूख या दोहोंच्या मध्ये, म्हणून आपल्याकडे अनेक समाजांत मामेबहीण चालते आणि आतेबहीण चालत नाही, हे त्यांनी गावोगावची माहिती गोळा करून दाखवले. अशी माहिती कार्यालयात बसून मिळत नाही. त्या एसटीने, बैलगाडीने, पायी हिंडल्या. पुण्याच्या रस्त्यांवर स्त्री स्कूटर चालवते हे दृश्य लोकांनी प्रथम पाहिले ते त्यांच्याच रूपाने, असे सांगतात.

एकदा त्या दिंडीबरोबर पंढरपूरला चालत गेल्या. त्या अनुभवावरचा त्यांचा लेख 'वाटचाल' या नावाने प्रसिद्ध आहे. एकाच विठ्ठलाचे नाव घेत, एकाच वाटेने चालणारी माणसे जेवायला मात्र जातीप्रमाणे वेगळी बसतात, हे पाहून त्यांचे मन व्यथित झाले. ज्या बाईंनी कवट्यांत श्रेष्ठ-कनिष्ठ शोधूनही सापडले नाही असे लिहिले, त्यांना ते जेवणाच्या पंगतीत दिसले. आपल्या पेडणे-डिचोलीतूनही आषाढीला वारकरी पंढरीच्या वाटेने जातात. त्यांच्या घरच्या मुलांनी हा लेख जरूर वाचावा.

कोयना धरणामुळे विस्थापित झालेल्या लोकांचे पुढे काय झाले याची पाहणीही त्यांनी कन्या जाई निंबकर यांच्यासह केली आणि ती १९६९ साली प्रसिद्ध झाली. 'युगान्त'ला १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. 'परिपूर्ती', 'भोवरा', 'गंगाजल' हे त्यांचे ललित लेखसंग्रह मराठी गद्याचे भूषण आहेत. ११ ऑगस्ट १९७० रोजी, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

आपली माती आणि एका राणीचे हाड

कोणी विचारील, आपल्या गोव्यात असे प्राचीन सांगाडे का मिळत नाहीत? याचे एक मोठे कारण आपल्या पायाखाली आहे. आपली जांभी माती आम्लधर्मी आहे आणि पाऊस वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पडतो. अशा मातीत हाडातील चुना विरघळून जातो. हरवळेच्या आणि लामगावच्या गुंफा दगडात टिकल्या. सांगे तालुक्यात कुशावती नदीकाठी पणसायमळ येथे जांभ्यावर कोरलेली चित्रे टिकली. ती कोरणाऱ्यांच्या अस्थी टिकायला मात्र ही माती अनुकूल नाही. गुजरातेतील कोरडी, चुनखडीयुक्त वाळू अस्थी जपते. आपली माती नारळ आणि काजू देते.

तरीही गोव्यात एका हाडाने मोठे काम केले आहे. जॉर्जिया देशाची राणी केतेवान हिला १६२४ साली इराणमध्ये शिराझ येथे ठार करण्यात आले. तिच्या अस्थींचा काही भाग ऑगस्टिनियन धर्मगुरूंनी जुन्या गोव्यात आणला. त्यांचा भव्य मठ पुढे कोसळला. तेथील अवशेषांत भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याने उत्खनन केले तेव्हा हाताचे हाड मिळाले. ते राणीचेच कशावरून? हैदराबादच्या पेशी व रेणुजीवशास्त्र केंद्राने त्यातील डीएनए तपासला. तो भारतीय नमुन्यांत न आढळणाऱ्या आणि जॉर्जियात आढळणाऱ्या गटाचा निघाला. जुलै २०२१ मध्ये भारताने हा अवशेष जॉर्जियाला सन्मानाने दिला आणि तेथील लोकांनी अश्रूंनी त्याचे स्वागत केले.

याचीच दुसरी बाजू म्हणजे जर्मनीने आपल्या संग्रहांतील आफ्रिकी कवट्या नामिबियाला परत देण्यास २०११ पासून केलेली सुरुवात. प्रयोगशाळेच्या फळीवर क्रमांक लावून ठेवलेली प्रत्येक कवटी कोणाची तरी आई, कोणाचा तरी मुलगा होती, हे जगाला उशिरा का होईना पटले.

आमची अपेक्षा

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी मानवशास्त्राकडे वा पुरातत्त्वाकडे वळले तर आम्हाला आनंदच होईल. डेक्कन कॉलेज आजही पुण्यात आहे आणि तेथे हे विषय शिकवले जातात. परंतु त्याआधी तुमची प्रयोगवही आहे. आम्ही विज्ञान शिक्षकांशी बोललो आहोत. यापुढे पुस्तकातील आकडा आला नाही म्हणून गुण कापले जाणार नाहीत. आलेला आकडा खरा लिहिला, तो वेगळा का आला असेल याचा विचार दोन ओळींत मांडला, तर पूर्ण गुण मिळतील. मागाहून जुळवलेल्या आकड्यांना मात्र गुण नाहीत.

पालकांना आमची विनंती आहे की मुलाने खरा पण कमी आकडा आणला तर त्याला रागावू नका. खरे लिहून कमी श्रेणी मिळवलेल्या मुलीचे नाव आज शंभर वर्षांनीही आपण आदराने घेत आहोत. विश्वस्त मंडळाला विनंती की ग्रंथालयासाठी इरावतीबाईंच्या मराठी पुस्तकांचा एक संच आणि प्रयोगशाळेसाठी काही चांगली कॅलिपर घ्यावीत. पुस्तक आणि मोजमाप ही दोन्ही साधने इरावतीबाईंनी आयुष्यभर वापरली. आपल्या मुलांच्याही हाती ती दोन्ही असावीत.